आईच्या फोनमधलं पान

सकाळी दुकानाचं शटर वर करून मी संगणक चालू केला, तेव्हा कशेळे रस्त्यावरच्या एका फार्महाऊसच्या पानावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात नाचत होती. आमराईच्या फोटोवर इस्पिकचा एक्का, त्याच्याखाली एक गोरी बाई डोळा मारतेय. आमचं दुकान म्हणजे कर्जतच्या बाजारपेठेत झेरॉक्सवाल्याच्या माळ्यावरची एक खोली. तिथून आम्ही आसपासची फार्महाऊसं, ढाबे, दूधवाले, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाईट बनवतो आणि चालवतो. आम्ही म्हणजे मी आणि दुकानाचा मालक निलेश. पूर्वी आम्ही तिघं होतो. पानाच्या तळाशी अभिप्राय लिहायचा चौकोन आहे, तिथे लोक 'जेवण उत्तम, डास फार' असं काहीबाही लिहून जातात. काल कुणीतरी तिथे अभिप्रायाऐवजी कोड लिहून ठेवला होता, आणि आमच्या सर्व्हरनं तो इमानेइतबारे चालवला होता. काय झालं ते मला बघताक्षणी कळलं. कारण हे असं चालवायचं सर्व्हरला शिकवलं होतं राकेशनं, माझ्या धाकट्या भावानं.

त्याची रीतच तशी होती. साधं पान कसं असतं, लिहिलं तसं दिसतं. राकेशच्या पानांचा मजकूर डेटाबेसात ठेवलेला असे आणि त्या मजकुरातच मधे मधे दुहेरी महिरपी कंसात कोडचे तुकडे पेरलेले असत. कुणी पान उघडलं की सर्व्हर मजकूर वाचत जायचा, कंस लागला की थांबायचा, आतलं जे असेल ते करून बघायचा आणि उत्तर त्या जागी ठेवून पुढे जायचा. म्हणजे ठेवलेला मजकूर एक आणि दिसणारा मजकूर दुसरा. बघणाऱ्याला कंस कधी दिसायचेच नाहीत. त्याला दिसायचं 'आज शनिवार, म्हणून भाडं वेगळं' किंवा 'आज ढाब्यावर बोंबलाची चटणी'. "ताई, मजकूर मेलेला नसावा," राकेश म्हणायचा. वडापावचा तेलकट कागद कीबोर्डवर ठेवून म्हणायचा, आणि मी त्या कागदावरून त्याला बोलायची. कोड आणि मजकूर एका भांड्यात ठेवू नये, हे मी शिकले होते तिथे पहिल्याच वर्षी शिकवतात. तोही तिथेच शिकला होता. पण त्याचा माणसांवर विश्वास फार. दार उघडं ठेवून झोपणाऱ्यांतला. मजकुरात कोण काय लिहून जाईल आणि आपला सर्व्हर कुणाचं काय ऐकेल, हा विचार त्याच्या डोक्याला शिवायचाच नाही. सर्व्हर बिचारा आज्ञाधारक. कंसात लिहिलेलं कुणी लिहिलंय हे त्याला कळत नाही, लिहिणारा आहे की गेला हेही कळत नाही. तो आपला चालवतो.

निलेश धापा टाकत माळ्यावर आला. "दीक्षा, पार्टीचा फोन आला गं. बायकापोरं बघतात साईट, आणि जुगार काय चालू हाय म्हणं." मी त्याला समजावून सांगितलं. त्याला कोडमधलं ओ का ठो कळत नाही, पण धंदा कळतो. "मग ते मजकुरातलं चालवणंच बंद कर ना," तो म्हणाला. मी म्हटलं, एका ओळीचं काम आहे, पण मग सगळ्याच पानांवरचं बंद होईल, सगळीकडे नुसते कंस दिसतील. "दिसू दे. मग एकेक नीट कर. रोज जुगार दिसण्यापेक्षा बरं." तो जिन्याकडे वळला आणि थांबला. "त्यात तुज्या आयचं पण पान हाय ना? ते आधी बाजूला काढून ठेव." मला त्याचा असा राग आला. त्यानं काळजीनं सांगितलं होतं, रागवायचं काही कारण नव्हतं. पण माझ्या घरातली ही एवढीशी गोष्ट बाजारपेठेत माळ्यावर उभं राहून कुणी बोलावी हेच मला सोसलं नाही. मी 'हो' म्हटलं आणि स्क्रीनकडे बघत बसले. गोरी बाई डोळा मारतच होती.

आईचं पान हे राकेशनं या रीतीनं बनवलेलं पहिलं पान. नुसतं तपासायला बनवलेलं. तेव्हा आईला नवा फोन घेतला होता आणि तिला त्यात काहीच उघडता येत नव्हतं. तर यानं पडद्यावर चाफ्याचं एक चित्र ठेवलं आणि सांगितलं, चाफ्यावर बोट ठेव. आईनं भीतभीत ठेवलं. पान उघडलं, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'आई, चहा झाला का? गुळाचा घे.' आई कडावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून लावून वाचते. तिनं वाचलं, राकेशकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "झाला रं." तो असा हसला की जमिनीवरच बसला. दुपारी तेच पान विचारायचं, 'जेवलीस का? भात कमी खा.' चौदा एप्रिलला म्हणायचं, 'जय भीम आई, आज निळी साडी नेस.' भातलावणीच्या दिवसांत म्हणायचं, 'कडावला आवणीला जाऊ नको, गुडघा सांभाळ.' घड्याळ आणि तारीख बघून कोड वाक्य निवडायचा, बाकी काही नाही. पाच मिनिटांची गंमत. अशा गमती तो रोज दोन करायचा आणि विसरायचा.

मग एके दिवशी तो चौकला गेला. चौक म्हणजे खालापूरच्या अंगाला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. तिथल्या एका ढाब्याचे फोटो काढायचे होते. वाटेत टायर बसलं म्हणून त्यानं मोटरसायकल पोशाच्या गॅरेजला लावली. पोशा हा ठाकरवाडीतला, पंक्चर काढणारा. "बोलला, काढून ठेव, मी चहा पिऊन येतो," पोशानं आम्हाला सांगितलं. ढाब्यावर तो पोचला नाही. चहाच्या टपरीवर कुणी त्याला बघितल्याचं आठवेना. पोशानं पंक्चर काढलं, चाक बसवलं आणि गाडी सावलीत लावून ठेवली. ती दुसऱ्या दिवशीही तिथेच होती. हरवल्याची तक्रार झाली. जगदीशकाका, म्हणजे वडिलांचे भाऊ, तेव्हा माझ्याबरोबर सगळीकडे हिंडले. वडील आधीच गेलेले. खोपोली झाली, पनवेल झालं, धरणाचं पाणी झालं, इस्पितळांतली ती गार शवागारं झाली. मी पुढे कितीतरी रविवार एकटीच पोशाच्या गॅरेजवर जाऊन बसायची. रबराच्या सोल्युशनचा वास, ट्रकचे हॉर्न, आणि प्रत्येक चहा पिऊन येणाऱ्या माणसाकडे बघणं. पोशानं मला कधी जा म्हटलं नाही. एकदा फक्त म्हणाला, "ताई, उनात नको बसू, आत ये." आत टायरांच्या चळतीवर बसून मी रडले. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत राहिला. आता चौथं वर्ष. माणूस मेला तर रडून मोकळं होता येतं. आमच्या घरात रडायची परवानगीच मिळाली नाही, आणि न रडायचंही काही कारण नव्हतं.

परवानगी द्यायची नाही ती आई. तिच्या फोनवर चाफा होता ना. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पानानं विचारलं, 'आई, चहा झाला का?' त्या दिवसांत आम्ही सगळे बधिर होऊन पोलिसांच्या फोनकडे कान लावून बसलेलो, आणि ही आतल्या खोलीत पाटावर बसून पानाला सांगतेय, "नाय रं झाला. तू कुटं हायेस?" मी तिला सांगितलं. शांतपणे सांगितलं, चिडून सांगितलं, एकदा तर संगणकावर कोड उघडून दाखवला. "आई, हे तो विचारत नाही, मशीन विचारतं." "मशीनला काय ठाव मी गूळ घालते?" "त्यानंच लिहून ठेवलंय." "मंग?" असं म्हणून ती माझ्याकडे अशी बघायची, की बावळट मीच. त्यानं लिहिलंय ना, मग तोच विचारतोय. वाक्य बदलतं, वेळ बघून बदलतं, मेलेल्या माणसाचं कुठे बदलतं का? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी अर्ध्यावरच सोडायची. कारण चौदा एप्रिलला विहारातून आल्यावर मीही तिच्या खांद्यावरून वाकून बघायची, निळी साडी आली का म्हणून. यायची. मला सगळं माहीत असून मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचायची. शिकल्यासवरल्या माणसाची अक्कल पोटापर्यंत पोचत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

काका गेली दोन वर्षं मागे लागले होते. "वैनी, पुण्यानुमोदन करून घेऊ. आपण पिंड-बिंड मानत नाय, कावळा मानत नाय. पण चार माणसांत मेणबत्ती लावून, वंदना म्हणून माणसाला निरोप द्यायचा असतो. पोरगं तसंच लटकत ठेवलंय आपण." काका वाईट माणूस नाही. त्यांच्या मेघाचं लग्न ठरत आलं होतं, आणि घरात असा एक माणूस ना जिवंत ना मेलेला असताना मांडव कसा घालायचा हे त्यांना कळत नव्हतं. आई ऐकून घ्यायची, पदर डोक्यावर सारखा करायची आणि म्हणायची, "भावजी, जित्या माणसाचं पुण्यानुमोदन करतात का? रोज इचारतो मला." काका माझ्याकडे बघायचे. मी खाली बघायची. परवाच्या रविवारी जाताना दारात चपला घालताना ते हळूच म्हणाले, "दीक्षा, त्या फोनचं काय ते बघ गं. तूच करू शकतेस." तेव्हापासून ते वाक्य माझ्या मानेवर बसलं होतं.

तर मी कामाला लागले. आधी सगळ्या पानांचे मजकूर उघडून कुठे कुठे कंस आहेत ते शोधायचं होतं. ठेवलेला मजकूर उघडला की राकेश भेटतो. दिसणाऱ्या पानावर तो नसतो, तिथे फक्त उत्तरं असतात. कडावच्या दूधवाल्याच्या पानात त्यानं लिहून ठेवलं होतं, महिना पावसाचा असेल तर 'गाडी दहा मिनिटं उशिरा, रस्ता बघा ना' असं दाखव. एका मंगल कार्यालयाच्या पानात तारीख मुहूर्ताची नसेल तर 'आज निवांत, येऊन हॉल बघा'. त्याचं टोचून बोलणं, त्याचा आळस, त्याचे अर्धवट शब्द, सगळं तिथे कंसात बसलेलं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं, खाली झेरॉक्सचं यंत्र घर्रघर्र करत होतं. मी वाचत होते आणि मला एकाएकी त्याच्या मानेचा घामट वास आला, लहानपणी मी त्याला पाठुंगळी घेऊन कडावच्या बांधावरून नेत असे तेव्हाचा. मग आईचं पान आलं. मी ते पूर्ण वाचलं नाही. वरच्या चार ओळी बघितल्या आणि खिडकी लहान केली. ते वेगळं काढणं तासाभराचंही काम नव्हतं. तीच वाक्यं, तेच घड्याळ, सुरक्षित पद्धतीनं पुन्हा बांधायचं, आणि आईला कळलंही नसतं. दुपारी पानानं विचारलं असतं, जेवलीस का. पुढच्या एप्रिलला निळी साडी. त्याच्या पुढच्याही. आई जाईपर्यंत विचारत राहिलं असतं आणि आई गेल्यावर रिकाम्या खोलीतल्या फोनलाही विचारलं असतं, चहा झाला का.

या विचाराशी मी अडकले. आता ते बांधायचं तर माझ्या हातानं बांधायचं. आतापर्यंत ते त्याचं होतं, मी फक्त बघत होते. आज मी लिहिलं तर विचारणारी मी झाले, त्याच्या आवाजात. आणि नाही लिहिलं तर त्याला गप्प करणारीही मीच. दोन्हीकडून फास माझ्याच हातात. काकांचं वाक्य होतंच मानेवर. मला मेघाचं लग्न हवं होतं, मला घरात एकदा सगळ्यांनी मिळून रडायला हवं होतं, मला रविवारी चौकच्या रस्त्याला जायचं नव्हतं. मला आईचा तो पाटावरचा आवाज नको होता, "झाला रं" म्हणणारा. मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. निलेशनं खालून हाक मारली, "झालं का गं? पार्टी परत फोन करते," आणि मी ती एक ओळ बंद केली. फार्महाऊसचं पान उघडून बघितलं. जुगार गेला होता. गोऱ्या बाईच्या जागी तिचा नुसता कोड पडला होता, निपचित. वरती भाड्याच्या जागी राकेशचे कंस उघडे पडले होते, शनिवार असेल तर अमुक, नसेल तर तमुक, सगळंच्या सगळं एकदम. मग मला आठवलं की जेवायची वेळ झालीय. आई आता चाफ्यावर बोट ठेवील.

मी तशीच घरी निघाले. पुलावरून भिसेगावला उतरेपर्यंत मी स्वतःला सांगत होते की ती घाबरेल, फोन बिघडला म्हणेल, मला करून दे म्हणेल, आणि मग मी करून देईन. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. तिनं रडून मागावं आणि मी द्यावं, म्हणजे माझ्यावरचं ओझं उतरलं. घराचं दार लोटलेलं होतं. आई खिडकीजवळ पाटावर बसली होती. ताट झाकून बाजूला ठेवलेलं. चष्मा नाकावर, फोन दोन्ही हातांत धरून ती पुटपुटत वाचत होती, बोटानं मजकूर वर सरकवत. खिडकीबाहेर, पोशाकडून आणलेली राकेशची गाडी प्लॅस्टिक पांघरून उभी होती.

"आज लय बोलला गं," ती मान वर न करता म्हणाली. "एवढं कधीच नव्हता बोलला. मधी मधी इंग्रजी हाय, ते सोडलं मी."

मी तिच्याजवळ बसले. तिच्या खांद्यावरून बघितलं. सकाळचा चहा होता, दुपारचं जेवण होतं, निळी साडी होती, आवणी होती, वैशाख पौर्णिमेची खीर होती. तिच्या वाढदिवसाचं एक होतं. तिचा वाढदिवस कुणालाच माहीत नाही, तर त्यानं शाळेच्या दाखल्यावरचा एक जून धरला होता. सगळे महिने आणि सगळे प्रहर एकाखाली एक. आई शेवटापर्यंत आली होती. तिनं बोट एका ओळीखाली ठेवलं आणि अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "झोप आता आई. माझी वाट बघू नको." मग मला विचारलं, "हे कदी बोललेला?"

"अगं ते रात्री दहानंतरचं आहे," मी घाईघाईनं म्हणाले. "तू नवाला झोपतेस म्हणून तुला कधी दिसलं नाही. दुकानात उशीर व्हायचा ना त्याला, तेव्हाचं आहे. बाकी काही नाही त्यात."

"व्हय," आई म्हणाली. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पण परत घातला नाही. "बोलायचं व्हतं ते समदं बोलून टाकलं त्यानं. काय मागं ठेवलं नाय. माणूस जायचा असला की असंच करतो, तुज्या बापानं पण असंच केलेलं." मग अगदी साध्या आवाजात, गिरणीतून दळण आणायला सांगावं तशी म्हणाली, "भावजींना फोन लाव. बोल, पुण्यानुमोदन ठेवा. मेघाच्या लगनाच्या आधीच होऊ दे."

हेच तर मला हवं होतं. दोन वर्षं काका हेच मागत होते. मी फोन हातात घेतला आणि मला काकांचा नंबर सापडेना. डोळ्यांपुढे नुसते कंस. मी आईचा हात धरला आणि भलतंच बोलायला लागले, "आई, ते बिघडलंय गं. मीच बंद केलं मघाशी. एका ओळीचं काम आहे, आत्ता जाऊन चालू करते, नाहीतर वेगळं बांधते, संध्याकाळपर्यंत नक्की होतं. घाई कशाला करतेस? संध्याकाळी परत उघडून बघ ना, काय म्हणतो ते."

आईनं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला, झाकलेलं ताट माझ्यापुढे सरकवलं.

"संध्याकाळचं पण इथंच हाय गं," ती म्हणाली. "वाचलं मी."